दोनदा वजा केलेले तेरा आठवडे

४ मार्च

सौ. भावजयबाईंस,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि तुझ्या नवऱ्याकडून निरोप पाठवायचा तर तो तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं "ताईने विचारलंय" एवढंच शिल्लक राहतं. म्हणून कागद. पत्ता आमच्या बंधुराजांनीच दिला आणि वर म्हणाले, "मी दिला असं सांगू नकोस हं." तर त्याने दिलेला नाही. पाकिटावर तो आपोआप उमटला.

आधी कामाचं. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा आमच्या विभागात जो पाठपुरावा चालतो, त्यातली आठव्या वर्षाची फेरी सुरू झाली आहे. तुझी मुंगी ९ एप्रिलला आठ वर्षांची होईल. वाढदिवसाच्या महिनाभर आधीपासून महिनाभर नंतरपर्यंत तिला कधीही आणता येईल. दोन तासांचं काम. चित्रं, आकृत्या, आकडे, थोडं एका पायावर उभं राहणं. सुई नाही, रक्त नाही. शेवटी एक स्टिकर मिळतो. तो मुलाने स्वतः निवडायचा असतो आणि काही मुलं चाचणीपेक्षा जास्त वेळ त्यालाच लावतात.

या अर्जाला जोखमीच्या घटकांची यादी जोडलेली असते. मुंगीची मी काल भरली. सत्तावीस आठवडे. नऊशे चाळीस ग्रॅम. व्हेंटिलेटर अकरा दिवस, ऑक्सिजन बावन्न. मेंदूत रक्तस्राव थोडा, एका बाजूला. जंतुसंसर्ग एकदा. आईचं शिक्षण पदवीपर्यंत. हसू नकोस, मूल पुढे कसं शिकेल हे सांगताना हा रकाना व्हेंटिलेटरच्या बरोबरीने बोलतो. घरात धूम्रपान नाही. असे एकूण एकेचाळीस रकाने. घरात आत्या आहे का, असा रकाना नाही. सुचवायला हवा.

दीड वर्षापूर्वी तुम्ही इथून गेलात तेव्हाचं म्हणशील, तर त्या दिवशी जेवताना मी जे बोलले तो विनोद होता. सगळे हसले होते, म्हणजे विनोदच असणार. शिवाय तुम्ही गेलात ते त्याची बदली झाली म्हणून, असं बंधुराज सगळ्यांना सांगतात, आणि मीही तेच सांगते.

जुने कागद चाळताना काही गोष्टी नव्याने तपासून घ्याव्यात असं वाटलं. विशेष काही नाही. तारीख कळव.

तुझी नणंद,
तथा वरिष्ठ परीक्षक, विकास-चाचणी विभाग
(दोघींची सही एकाच पेनाने केली आहे.)


१५ मार्च

भावजयबाई,

उत्तर मिळालं. म्हणजे माझंच पत्र परत मिळालं, लाल पेनाने तपासून. मुद्रितशोधकाशी पत्रव्यवहार करताना हे लक्षात ठेवायला हवं होतं. पहिल्या पानावर "विनोद"भोवती गोल आणि समासात शब्द काढून टाकायची तुमची ती शेपटीवाली खूण. दुसऱ्या पानावर "विशेष काही नाही"खाली रेघ आणि बाजूला प्रश्नचिन्ह. बाकी मजकूर निर्दोष आढळलेला दिसतो. शेरा नाही, सही नाही. लोक तुझ्याकडे पुस्तकं पाठवून वर पैसेही देतात. मला फुकटात तपासून मिळालं.

प्रश्नचिन्हाकडे येते. त्याआधी दुसरं.

परवा बंधुराजांचा फोन आला. तू स्वयंपाकघरात होतीस म्हणे, म्हणून तो बाल्कनीत जाऊन कुजबुजत होता.

"ताई, शाळेने बोलावलं होतं."

"मग?"

"मुंगीला त्याच वर्गात ठेवायचं म्हणतायत."

"कारण?"

"आळस."

"कोणाचा?"

"ताई, प्लीज."

मग त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं. बाई म्हणतात वही काढा, पान उघडा, तारीख लिहा. मुंगी वही काढते आणि बसून राहते. फळ्यावरच्या चार ओळी उतरवायला तिला अख्खा तास जातो आणि चौथी ओळ दुसरीवर चढते. वाचते मात्र धडाधड, त्यामुळे बाईंची खात्री पटली आहे की हे सगळं ती मुद्दाम करते. तू मुख्याध्यापिकांना म्हणालीस, "तिला जमत नाही, ती टाळत नाही." त्यावर त्यांनी फाइल उघडून कागद काढला. आमच्या विभागाचा, मुंगीच्या दोन वर्षांच्या वेळचा. "विकास वयानुरूप. विशेष मदतीची गरज नाही." खाली माझी सही. त्या म्हणाल्या, "हॉस्पिटलच म्हणतंय ती ठीक आहे. मग प्रश्न शिस्तीचा राहतो. घरी लाड होतात का?" आणि तुझा नवरा म्हणाला, "थोडेफार होतात."

हे त्याने मला स्वतःहून सांगितलं, म्हणजे तो मूर्ख असला तरी खोटारडा नाही. आमच्या घरात हे दोन गुण वाटून दिलेले आहेत.

२० एप्रिलला शाळा निर्णय घेणार. खरंच अडचण आहे असा कागद आला, तर तिला पेपरला जास्त वेळ, रोज एक तास वेगळ्या बाई, आणि वर्गाबरोबर वर पाठवणी. नाही आला, तर ती मागे आणि तिची ती एकुलती एक मैत्रीण पुढे. मुंगी आताच वर्गात सगळ्यात लहानखुरी आहे. खालच्या वर्गात शोभून दिसेल, असंही त्या म्हणाल्या म्हणे.

तेव्हा तिला २० तारखेच्या आत चाचणीला आण. बाकीचं समोरासमोर बोलू.

उत्तर लाल पेनाने दिलंस तरी चालेल.

नणंद


२३ मार्च

मुंगीच्या आईस,

या वेळी एकच खूण. "खाली माझी सही" याखाली रेघ, आणि समासात तुझ्या बारीक अक्षरात, "मग तीच सही परत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर देते. नीट वाच, यात थोडा हिशेब आहे.

आमच्याकडे प्रत्येक मुलाला दोन तारखा असतात. फाइलच्या पुठ्ठ्यावर त्या वेगवेगळ्या शाईत लिहितात. निळी तारीख म्हणजे मूल ज्या दिवशी आलं ती. लाल तारीख म्हणजे ज्या दिवशी यायला हवं होतं ती. मुंगीची निळी ९ एप्रिल, लाल ९ जुलै. मध्ये तेरा आठवडे. तेरा आठवडे आधी आलेल्या मुलाकडून तेरा आठवडे आधीच चालायची-बोलायची अपेक्षा करणं अन्याय होईल, म्हणून दोन वर्षांपर्यंत त्याचं वय लाल तारखेपासून मोजायचं. हे दोन प्रकारे करता येतं. निळ्या तारखेपासून मोजा आणि तेरा आठवडे वजा करा. किंवा थेट लाल तारखेपासून मोजा आणि काही वजा करू नका. उत्तर एकच येतं. नवीन येणाऱ्या प्रत्येक परीक्षकाला मी हे पहिल्या दिवशी शिकवते आणि वर सांगते, दोन्ही एकदम करू नका.

मी दोन्ही एकदम केलं. लाल तारखेपासून मोजलं आणि वर तेरा आठवडे वजा केले. मुंगी त्या दिवशी चोवीस महिन्यांची होती. मी तिला एकवीसची केली.

मुलाने किती ठोकळे रचले, बाहुलीचं नाक दाखवलं की नाही, याचे गुण होतात आणि ते वयाच्या तक्त्यात घालून आकडा काढायचा असतो. मी एकवीस महिन्यांचा तक्ता उघडला. ९३ आले. चोवीसचा उघडला असता तर ८१ आले असते. ८५ च्या खालची मुलं मदतीच्या गटात जातात, आठवड्यातून दोनदा, पाच वर्षांची होईपर्यंत. वरची मुलं घरी जातात आणि त्यांना वर्षातून एक फोन येतो. तो फोन तुला वर्षातून एकदा येत होता. मीच करत होते.

त्या तीन वर्षांच्या मदतीने काय झालं असतं ते सांगता येत नाही. अशा गटांचा जो अभ्यास झाला आहे त्यात फरक दिसतो, पण लहान दिसतो, आणि शाळेत गेल्यावर आणखी लहान होतो. हे वाक्य मी आधी दिलासा म्हणून लिहिलं होतं. मग वाटलं, नऊशे चाळीस ग्रॅमच्या बाबतीत लहान फरक हा शब्द मी जपून वापरावा. माहिती म्हणून राहू देते.

आठव्या वर्षाचा अर्ज भरताना हे आत्ताच लक्षात आलं. चूक माझी आहे. दुरुस्तीचा कागद काढता येईल.

नणंद


३१ मार्च

मुंगीच्या आईस,

पत्र परत आलं. एवढ्या हिशेबाच्या पत्रात तुला एकच शब्द खटकला. "आत्ताच"भोवती गोल आणि बाजूला, "कधी?"

साठ-साठ पानांत एक चुकलेला काना शोधून काढणाऱ्या बाईला मी हे पत्र पाठवलं, तेव्हा माझी अपेक्षा तरी काय होती कोण जाणे.

त्या दिवशी तू चाचणीच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर बसली होतीस. आईने मदत करायची नाही, बोलायचं नाही, मान हलवायची नाही, असं मी तुला बजावलं होतं, म्हणून तू दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलीस. मुंगीने तीन ठोकळे रचले. चौथा ठेवताना पडले. पुन्हा तीन. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा तिने चौथा ठोकळा माझ्या हातात दिला, तू ठेव म्हणून. त्याला गुण नसतात. बाहुलीचं नाक तिने दाखवलं, डोळे दाखवले, पाय विचारला तर स्वतःचा दाखवला. अर्धा गुण आमच्याकडे नाही. "चेंडू उचल आणि खोक्यात टाक" म्हटलं, तिने चेंडू उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली.

ती चाचणी मी घ्यायलाच नको होती. नात्यातल्या मुलाची चाचणी परीक्षकाने घेऊ नये असा नियम आहे, आणि तसं नातं नाही असं लिहून सही करायची एक ओळ आहे. मी सही केली. दुसरी परीक्षक रजेवर होती हे खरं. तिची रजा दुसऱ्या दिवशी संपत होती हेही खरं. मला वाटलं, आपल्या मुलीची चाचणी आपल्याइतकी नीट दुसरं कोण घेणार.

बाहेर तू वजनकाट्याजवळ उभी होतीस. "वन्सं, पास?" एवढंच विचारलंस. मी मघाशीच आकडा काढला होता. म्हटलं, "पास काय, ९३." तू हसलीस. तुझं हसणं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दोन वर्षांत तुझ्याकडे हसण्यासारखं विशेष काही नव्हतंच. मग तू मुंगीला उचलून जिन्याने खाली गेलीस. लिफ्ट समोर उघडी होती.

दुपारी चार वाजता फाइल लावताना पुठ्ठ्यावरची लाल तारीख दिसली आणि त्यासमोर माझ्याच अक्षरात वजा तेरा. चार वाजून दहा मिनिटांनी मला ८१ माहीत होते.

तर "कधी"चं उत्तर हे. आत्ता नाही. त्याच दिवशी, चार वाजता.

दुरुस्त का केलं नाही, याची मी सहा वर्षांत बरीच कारणं जमवली आहेत. नात्याची सही उघडी पडली असती. तुला पुन्हा बोलवून उलटं सांगावं लागलं असतं. एकदोन महिन्यांत अशी मुलं पुष्कळदा सावरतात. यातलं प्रत्येक कारण एका दुपारपुरतं चांगलं आहे. सहा वर्षांना पुरेल असं एकही नाही.

आणि यापुढचं कारणही नाही, नुसतं घडलेलं आहे. तू दर काही महिन्यांनी म्हणायचीस, वन्सं, तिला बटण लावता येत नाही. वन्सं, दोन गोष्टी सांगितल्या की ती एकच करते. आणि मी दर वेळी म्हणायचे, ९३. आकडा खोटा आहे हे मला माहीत होतं, पण इतक्यांदा म्हटल्यावर तो तोंडात बसला. पुढे पुढे मला तुझा रागच यायला लागला, की ही बाई एवढा चांगला आकडा असताना समाधानी का होत नाही. शेवटी त्या दिवशी जेवताना, दहा माणसांसमोर, तू मुंगीच्या ताटातला घास भरवत होतीस आणि मी म्हटलं, "मुलगी नव्वदीच्या वर आहे. मोजायचंच असेल तर तिच्या आईला मोजायला हवं." सगळे हसले. बंधुराजही.

त्या खोलीत खरा आकडा मला एकटीलाच माहीत होता. खरी गोष्ट मात्र तुला एकटीला माहीत होती.

विनोद हा शब्द तू काढून टाकलास ते बरोबर आहे.

नणंद


९ एप्रिल

मुंगीच्या आईस,

या वेळी पत्र परत आलं नाही. त्याचा अर्थ मी लावत बसले नाही, काम होतं.

१ तारखेला मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. तू त्यांना पाहिलं आहेस, मुंगी काचेच्या पेटीत असताना ज्या रोज येऊन तिच्या तळपायाला बोट लावायच्या त्या. मी फाइल त्यांच्यापुढे ठेवली आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. त्यांनी लाल तारीख पाहिली, वजा तेरा पाहिलं, मग पान उलटून नात्याची ओळ पाहिली.

"ही तुमची भाची?"

"हो."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

दुनियेत सगळ्यांना हाच एक प्रश्न सुचतो. मी सांगितलं.

त्यांनी नात्याची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "तुम्ही नवीन मुलींना हे पहिल्याच दिवशी शिकवता."

"हो."

"मीही सगळ्यांना तुमचंच उदाहरण देते." मग फाइल मिटली. "आता वेगळ्या कारणासाठी देईन."

बाईंना विनोदाची सवय नाही. माझ्या बाबतीत त्यांना पहिल्याच प्रयत्नात जमला.

निकाल असा. दुरुस्तीचा कागद त्याच दिवशी निघाला, त्यांच्या सहीने. ८१, आणि खाली स्पष्ट लिहिलं आहे की आधीचा अहवाल विभागाच्या चुकीमुळे रद्द समजावा, मुलीला तेव्हाच मदत मिळायला हवी होती. एक प्रत शाळेला रजिस्टरने गेली आहे, एक सोबत आहे. मी घेतलेल्या गेल्या आठ वर्षांतल्या सगळ्या चाचण्यांच्या तारखा दोन जणी पुन्हा मोजत आहेत. आतापर्यंत दोनशे दहा झाल्या, चूक एकही नाही. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. चुकायला मी नेमकं आपलं घर निवडलं.

मला चाचण्यांवरून काढलं आहे. आता तळमजल्यावर अर्ज संगणकात भरते. तिथे खिडकी आहे, पंखा आहे आणि माझं कोणी ऐकत नाही. ही तिसरी गोष्ट सगळ्यांच्याच सोयीची आहे.

मुंगीची वेळ १६ तारखेला सकाळी दहाची लावली आहे. शाळेला शेवटी आताचं काय ते बघायचं असणार. सहा वर्षांपूर्वीच्या ८१ वर मुख्याध्यापिका थांबणार नाहीत. चाचणी नवी परीक्षक घेईल. चष्मेवाली, हळू बोलते, मुलांना घाई करत नाही. तिला मी मुंगीबद्दल काही सांगितलेलं नाही, ती माझी कोण हेही नाही. मी खाली असेन. वर येणार नाही.

आणखी एक कागद सोबत आहे, झेरॉक्स. दोन वर्षांच्या अर्जावर शेवटी एक प्रश्न असतो, "पालकांना काही काळजी वाटते का?" बहुतेक जण नाही लिहितात. तू सात ओळी लिहिल्या होत्यास, रकान्याबाहेर जाऊन, समासात आडव्या. एका वेळी एकच गोष्ट कळते. हाताने पकडते पण सोडायला वेळ लावते. गर्दीत कान झाकते. पायरी दिसते पण किती खोल ते कळत नाही. अशा सात. त्यावर कोपऱ्यात पेन्सिलीने एक शब्द आहे, "अतिकाळजी." अक्षर ओळखशील.

शाळेच्या बाईंनी आता जे जे सांगितलं ते सगळं त्या सात ओळींत सहा वर्षांपूर्वीच आहे. मी लाकडी पेटी, बाहुली, तक्ते आणि पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन एक आकडा काढला, तोही चुकीचा.

आज ९ एप्रिल. निळी तारीख. तिला सांग किंवा सांगू नकोस.

आत्या


२७ एप्रिल

मुंगीच्या आईस,

१६ तारखेला तू आलीस हे मला खिडकीतून कळलं. तू, मुंगी आणि मागे पिशवी, छत्री आणि पाण्याची बाटली धरून बंधुराज. तुम्ही वर गेलात. मी टाइप करत राहिले. एका अर्जात मी बाळाचं वजन चौदाशे किलो टाकलं. संगणकाने नम्रपणे विचारलं, नक्की का.

सव्वाअकराला माझ्या दारात मुंगी उभी होती. दीड वर्षात वाढली आहे. तरी दाराच्या कडीखालीच.

"इथे पाणी आहे का?"

"पाणी डावीकडे. तुला कोणी काय सांगितलं होतं?"

तिने आठवलं. "जिन्याने खाली जा."

"आणि पुढे?"

"पुढे काहीतरी होतं."

मी माझा तांब्या पुढे केला. ती प्यायली, थोडं फ्रॉकवर सांडलं. मग खोली पाहिली, गठ्ठे पाहिले, मला पाहिलं.

"तू आत्या ना? तू मुलांना मोजतेस."

"आता नाही. आता टाइप करते."

"का?"

"माझी वजाबाकी चुकली."

तिने यावर गंभीरपणे विचार केला. "माझीपण चुकते. मी हातचा घ्यायला विसरते."

"मी एकदा करायची ती दोनदा केली."

"बाई रागावल्या?"

"रागावल्या."

"मग पुन्हा करायची," ती म्हणाली. "पुन्हा केली की बाई काही म्हणत नाहीत. खोडलेलं दिसलं तरी."

इतक्यात तू आलीस. इथून पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण नंतर मी ते नीट आठवून पाहिलं आणि मला त्यात एकही चूक सापडली नाही. तू म्हणालीस, "मी सांगितलं होतं, जिन्याने खाली जा आणि मग डावीकडे नळ आहे." मी म्हटलं, "खाली आली." तू म्हणालीस, "हो. डावीकडे राहिलं." मग तू तिचा हात धरलास आणि दारातून म्हणालीस, "वन्सं, तांब्या भरून ठेवा. ती सगळा प्यायलीय." मी भरून ठेवला.

शाळेचं मला बंधुराजांनी सांगितलं, या वेळी कुजबुजून नाही. मुंगी वर्गाबरोबर वर जाते. रोज एक तास वेगळ्या बाई, पेपरला जास्त वेळ, आणि सूचना एका वेळी एक. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हा कागद आधी का नाही दाखवलात?" तर तुझा नवरा म्हणाला, "माझी बायको सहा वर्षं तोंडी दाखवत होती." हे वाक्य त्याला आयत्या वेळी सुचलं यावर माझा विश्वास नाही. पण बोलला तोच, असं तो शपथेवर सांगतो.

१६ तारखेचा आकडा मला माहीत नाही. विचारला नाही. चष्मेवालीने सांगितला नाही.

आता शेवटचं. परवा माझ्या गठ्ठ्यात मुंगीचा अर्ज आला. नियमाने माझ्याकडे यायला नको होता. मी तो तसाच उचलून मोठ्या बाईंकडे नेला. त्यांनी पाहिलं आणि परत दिला. "टाइपच करायचंय," म्हणाल्या. "मोजायचं नाही." म्हणून भरला. एकेचाळीस रकाने. आणि शेवटी तोच प्रश्न, "पालकांना काही काळजी वाटते का?" तुझं अक्षर, निळं पेन.

"हो. मागच्या वेळी सात ओळी लिहिल्या होत्या. या वेळी एकच लिहिते, म्हणजे कोणीतरी वाचेल."

संगणकात त्या प्रश्नाला दोनच पर्याय आहेत, हो आणि नाही. बाकीचं तो घेत नाही. जागाच ठेवलेली नाही. मी "हो" भरलं. पुढचं कुठे भरायचं ते शोधत थोडा वेळ बसले, आणि नाही सापडलं, म्हणून इथे लिहिते.

वाचलं. आणि तुला एकच ओळ सुचली यावर माझा विश्वास नाही. उरलेल्या पाठव. समास सोडू नकोस.

आत्या